मते मिळाली, खुर्ची नाही : अमेरिकेतील १८६८ ची पोटनिवडणूक

पोटनिवडणूक म्हटली की एक जागा आणि उरलेली थोडी मुदत, एवढेच डोळ्यासमोर येते. पण अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे तिथल्या लोकसभेत, कृष्णवर्णीय माणूस पोहोचला तो पोटनिवडणुकीतूनच. त्याआधी तो अडवला गेला, तोही पोटनिवडणूक जिंकल्यावर. प्रतिनिधित्वाची लढाई लढणाऱ्या तरुणांनी हा इतिहास समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

तिथल्या राज्यघटनेनुसार या सभागृहातील रिकामी जागा नेमणुकीने भरता येत नाही, निवडणूकच घ्यावी लागते. मात्र सदस्याची निवड वैध आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार घटनेने सभागृहालाच दिला आहे. गोम इथेच आहे.

१८६८ मध्ये लुइझियाना राज्याचे प्रतिनिधी जेम्स मॅन वारले. गुलामगिरी संपून जेमतेम तीन वर्षे झाली होती. पोटनिवडणुकीत जॉन विलिस मेनार्ड सुमारे ६४ टक्के मतांनी जिंकले. अमेरिकन संसदेवर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पराभूत गोरे उमेदवार केलेब हंट यांनी निकालाला आव्हान दिले. २७ फेब्रुवारी १८६९ रोजी मेनार्ड यांनी सभागृहात उभे राहून स्वतःची बाजू मांडली. सभागृहाने हंट यांना नाकारले आणि मेनार्ड यांनाही. जागा रिकामीच राहिली. तिथे बहुमत होते लिंकन यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे, हे विसरू नये.

पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलायनात एक जागा रिकामी झाली. लष्करी अकादमीतील प्रवेशाच्या शिफारशी विकल्याच्या प्रकरणात तिथल्या प्रतिनिधीला राजीनामा द्यावा लागला होता. त्या जागी जोसेफ रेनी निवडून आले. गुलामीत जन्मलेले, पेशाने न्हावी. १२ डिसेंबर १८७० रोजी शपथ घेऊन ते या सभागृहाचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले आणि १८७९ पर्यंत राहिले.

पण दक्षिणेत हिंसा आणि जाचक कायद्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला गेला. १९०१ ते १९२९ या काळात संसदेत एकही कृष्णवर्णीय सदस्य नव्हता.

यातून आम्ही एवढेच घेतो : मत देण्याचा हक्क ही पहिली पायरी आहे. निवडून आलेल्याला आत कोण घेते, त्याचा निवाडा कोण करते आणि तो हक्क उद्या टिकतो का, यावरही तितकीच जागती नजर हवी.