हेडसेट ‘लागू’ नये म्हणून

आंबा घाटात एसटीत बसून मोबाइलमध्ये डोकं घातलं, की चार वळणांत पोटात ढवळायला लागतं. वळणं कानाच्या आतल्या नलिकांना कळतात, पण डोळ्यांपुढची अक्षरं जागची हलत नाहीत. दोघांची साक्ष जुळत नाही आणि आपल्याला गाडी लागते. आभासी वास्तवाच्या हेडसेटमध्ये नेमकं उलटं होतं. डोळे आकाशपाळण्यात बसलेले असतात आणि कान सांगत असतो, तू तर घरात खुर्चीवर आहेस.

मेटाच्या क्वेस्ट हेडसेटसाठी अ‍ॅप प्रकाशित करायचं तर कंपनीच्या गुणवत्ता-निकषांतून पार व्हावं लागतं. नव्याने अ‍ॅप बनवणाऱ्यांना ती यादी जाचक वाटते. मला मात्र तिच्यातले कित्येक नियम माणसाच्या शरीरानेच लिहून दिल्यासारखे वाटतात.

सर्वांत कडक नियम वेगाचा. हालचालींना प्रतिसाद देणाऱ्या अ‍ॅपने सेकंदाला किमान ७२ चित्रं दाखवायची. नुसता व्हिडिओ दाखवणाऱ्याला ६० चालतात. ७२ चित्रं म्हणजे दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळं दृश्य रंगवायला हाताशी जेमतेम १४ मिलिसेकंद. एवढी घाई कशाला? हातातला पेपर समोर धरा आणि या ओळीवर नजर ठेवून मान डावीउजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून पेपर तेवढ्याच वेगाने हलवा. अक्षरं फरफटतात! मान वळली की कान डोळ्यांना निरोप देतो आणि सुमारे १० मिलिसेकंदांत बुबुळं उलट दिशेला सरकतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया एकच गोष्ट गृहीत धरते : जग जागच्या जागी आहे. हेडसेटमधलं जग मान वळल्यावर रेंगाळत मागून आलं, तर ते गृहीतकच कोसळतं. म्हणून मान हलल्यापासून पडदा बदलेपर्यंतचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत हवा, असं प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी २०१३ मध्येच मांडलं होतं.

दुसरा नियम वरवर किरकोळ दिसतो. अ‍ॅप उघडल्यापासून ४ सेकंदांत मानेबरोबर बदलणारं दृश्य दिसलं पाहिजे, नाहीतर हेडसेटमध्येच ‘लोड होत आहे’ अशी खूण हवी. मोबाइलवर गोठलेला पडदा फक्त कंटाळा आणतो. इथे तेच चित्र चेहऱ्याला चिकटतं, जिकडे वळाल तिकडे सोबत येतं. काहींना तेवढ्यानेही गरगरतं.

खुर्चीत बसून हेडसेटमधल्या जगात चालण्याचा प्रश्न मात्र नुसत्या वेगाने सुटत नाही. सेकंदाला १२० चित्रं दाखवली तरी पाय जमिनीवर आणि दृश्य धावतंय, हा विरोध उरतोच. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फाइनर यांनी एक सुंदर तोड दाखवली : हालचाल सुरू झाली की दृश्याच्या कडा हळूच अंधाराव्यात, थांबली की उजळाव्यात. वेगाची जाणीव मुख्यतः नजरेच्या कडांतून होते. त्या झाकल्या की त्रास कमी होतो, आणि प्रयोगातल्या बऱ्याच जणांना हा बदल कळलाही नाही.

एक अडचण कोणत्याच यादीत मावत नाही. अ‍ॅप बनवणारा रोज तासन् तास हेडसेट घालतो, त्याचं शरीर सरावतं, आणि स्वतःच्या अ‍ॅपचा त्रास त्याला जाणवेनासा होतो. त्यामुळे प्रकाशनाआधीची चाचणी त्याने स्वतः करून भागत नाही. कधीच हेडसेट न घातलेली शेजारची मावशी बोलवावी, तिला खुर्ची द्यावी, आणि पडद्यावरचे आकडे बघण्याआधी तिच्या कपाळावर घाम येतो का ते बघावं.