यकृत्-प्लीहा विकारांतील रक्तस्राव : वैद्याने काय जाणावे?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. फडावरची अंगदुखी अनेकदा वेदनाशामक गोळ्यांवर निभावली जाते. परतल्यावर डाव्या कुशीतील जडपणा, पोटफुगी व हिरड्यांतून रक्त अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाकडे वैद्यबंधूंचे लक्ष वेधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रक्तवह स्रोतसांचे मूळ यकृत् व प्लीहा, हे चरकाचार्यांचे वचन आपणांस परिचित आहे. रक्त गोठविणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. प्रतिहारी शिरेतील दाब वाढला, म्हणजे पोर्टल हायपरटेन्शन झाले, की प्लीहा वाढते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून रक्तातील त्यांची संख्या घटते. त्यामुळे अशा रुग्णाचे रक्त ‘पातळ’ झाले, असे पूर्वी सरसकट मानले जाई.

ही समजूत आता टिकलेली नाही. गोठणे आवरणारे प्रोटीन सी इत्यादी घटकही यकृतच बनविते. यकृत् जीर्ण झाले की दोन्ही पारडी हलकी होतात आणि काटा कसाबसा मध्यावर राहतो. संसर्ग किंवा मूत्रपिंडाचा बिघाड झाल्यास तो कोणत्याही बाजूस कलतो. म्हणूनच याच रुग्णांत प्रतिहारी शिरेत गुठळीही होते. प्रोथ्रॉम्बिन चाचणी मात्र एकाच पारड्याचे वजन करते. त्या आकड्यावरून रक्तस्रावाचे भाकीत करता येत नाही, हे २०२१ च्या सातव्या बाव्हेनो परिषदेनेही मान्य केले.

अन्ननलिकेतील शिरा फुटतात त्या मुख्यतः दाबामुळे. यकृतापूर्वीच्या व नंतरच्या शिरांतील दाबाचा फरक प्राकृतावस्थेत सुमारे ५ मि.मी. पाऱ्यापर्यंत असतो, तो १२ च्या पुढे गेला की रक्तस्रावाचा धोका संभवतो. तेव्हा चाचणी ‘नॉर्मल’ आली म्हणून निश्चिंत राहू नये.

यातून आपल्या व्यवहारापुरते चार नियम आम्ही सुचवितो. वेदनाशामक गोळ्या त्वरित बंद कराव्यात. जलौकेच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून जलौकावचरण व अन्य रक्तमोक्षण टाळावे. उदररोगात विरेचन शास्त्रोक्त असले तरी दुर्बल रुग्णास तीक्ष्ण विरेचन देऊ नये. द्रव व क्षार घटून रुग्णास ग्लानी येऊ शकते. मंडूर वा लोहकल्प चालू असता मल काळा होतो, ही तर मोठी फसगत. डांबरासारखा चिकट, दुर्गंधी मल असेल तर तो रक्ताचाच समजावा.

रक्ताची उलटी किंवा असा मल दिसताच स्तंभन द्रव्यांची प्रतीक्षा करीत बसू नये. केज-परळीकडील रुग्णास अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय, आष्टीकडील रुग्णास अहिल्यानगर जवळ पडते. दुर्बिणीने शिरा बांधण्याची व रक्त देण्याची सोय कोठे आहे, याची चौकशी आधीच करून ठेवावी. वेळेवर पाठविलेला रुग्ण पथ्य व अग्निरक्षणासाठी पुन्हा आपल्याकडे येऊ शकतो. उशिरा पाठविलेला परत येईलच, असे नाही.