घरच्या संगणकाला रेडचे कार्ड घ्यावे का?

लग्नाच्या चित्रफिती, गणेश चतुर्थीची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या, हे सारे आता टेबलावरच्या संगणकात असते. डिस्क बिघडली की एका रात्रीत जाते. म्हणून पुष्कळ घरांत विचारतात, "दोन डिस्क बसवतो, पण रेडचे कार्डही घ्यावे लागेल का?" वाचकहो, उत्तर आधीच सांगतो. घरासाठी कार्ड नको.

रेडची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील बर्कली येथे पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात, असा त्यांचा विचार. घरी उपयोगी पडतो तो रेड १. जे एका डिस्कवर लिहिले जाते, तेच त्याच वेळी दुसरीवर. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तरी जागा ४ टेराबाइटचीच मिळते. रेड ० पासून मात्र दूर राहा. त्यात माहिती दोन डिस्कवर वाटली जाते आणि एक गेली की सगळेच गेले.

हार्डवेअर रेडमध्ये हे काम वेगळे कार्ड करते. त्याला स्वतःचा प्रोसेसर व मेमरी असते, चांगल्या कार्डाला बॅटरीही. मध्येच वीज गेली तरी लिहायचे राहिलेले जपले जाते. मोठ्या कचेरीत ते शोभते. सॉफ्टवेअर रेडमध्ये संगणकाचा नेहमीचा प्रोसेसरच ते करतो. लिनक्सवर एमडीअॅडम, विंडोजवर स्टोरेज स्पेसेस. सॉफ्टवेअर म्हणजे हळू, ही जुनी समजूत. तेच दोनदा लिहायला आजच्या प्रोसेसरला काहीच कष्ट पडत नाहीत.

खरा प्रश्न कार्ड बिघडल्यावर काय, हा आहे. कार्ड आपल्या खुणा डिस्कवर आपल्याच पद्धतीने लिहिते. ते जळाले की दोन्ही डिस्क धडधाकट असूनही बहुधा त्याच जातीचे कार्ड शोधावे लागते. सात-आठ वर्षांनी ते मिळेलच असे नाही, आणि आपल्या बेटावर तर परदेशातून मागवून वाट पाहणे आले. लिनक्सच्या जोडीतील डिस्क दुसऱ्या कोणाच्याही लिनक्स संगणकाला लावून वाचता येते. मदरबोर्डावरच्या फुकटच्या रेडला भुलू नका. तेथे काम बहुधा सॉफ्टवेअरच करते, पण बांधलेले असते त्या जातीच्या बोर्डाशी. दोन्हीकडचे तोटे!

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. एक डिस्क मेली तरी संगणक पूर्वीसारखाच चालतो. आमच्याकडे पहिली केव्हा मेली ते कळलेच नाही. दुसरी गेली तेव्हा कळले. मुलीच्या लग्नाची चित्रफीत पाहुण्यांच्या फोनमधले तुकडे मागून जमवावी लागली. सात फेऱ्यांपैकी चारच सापडले. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी जोडीची प्रकृती पाहतो.

शिवाय चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून पुसली जाते. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांतून गाड्या वाहून गेल्या. तसे पाणी घरात शिरले तर एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क बुडणार. तेव्हा कार्डाचे पैसे वाचवून तिसरी, बाहेरून लावायची डिस्क घ्या, तिच्यावर प्रत काढा आणि ती उंचावरच्या गावी राहणाऱ्या मावशीकडे ठेवून द्या.