लोकल बोर्ड आणि खेड्यातील शाळा

काही जुन्या शाळांच्या कपाटांत 'लोकल बोर्ड मराठी शाळा' असा शिक्का असलेली दप्तरे अद्याप आढळतात. हे लोकल बोर्ड म्हणजे काय, असे विद्यार्थ्याने विचारल्यास शिक्षकास उत्तर देता यावे.

मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड कर ठरविण्यात आला. त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणाकडे व उरलेला मुख्यतः रस्त्यांकडे जाई. म्हणजे खेड्यातील शाळा सरकारच्या औदार्यावर नव्हे, तर कुणब्याच्या आण्यावर उभी राहिली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ साली जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. त्यांत लोकनियुक्त सभासद आले खरे. परंतु अध्यक्षस्थानी पुढेही कित्येक वर्षे कलेक्टरच असत. शाळेचा खर्च बोर्डाकडे, तर अभ्यासक्रम व तपासणी शिक्षणखात्याकडे, अशी ती विभागणी होती.

हा पैसा सर्वांचा असला तरी त्यातून झालेल्या सोयी सर्वांना खुल्या नव्हत्या. सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना मोकळ्या कराव्यात, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. पुष्कळ ठिकाणी तो कागदावरच राहिला. म्हणून १९२६ साली, जी नगरपालिका वा लोकल बोर्डे तो अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे, असा दुसरा ठराव आणावा लागला. शाळेचा इतिहास सांगताना ही बाजू वगळणे योग्य होणार नाही.

१९२३ च्याच प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे गेला. १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डे येऊन सरकारी नियंत्रण पुन्हा वाढले. विदर्भात १९४८ पासून जनपद सभा होत्या, तेथील दप्तरांवर शिक्का निराळा. अखेर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेल्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, आणि लोकल बोर्डे व जनपद सभा संपल्या.

दप्तर मात्र शाळेतच राहिले. त्यातील जनरल रजिस्टरांच्या नोंदी जन्मतारीख व जात यांचा पुरावा म्हणून आजही मागितल्या जातात. अशी रजिस्टरे ओल व वाळवीपासून दूर, कुलपात ठेवावीत. पाने सुटली असल्यास ती क्रमाने लावून घ्यावीत, आणि मूळ नोंदीवर नव्या शाईने गिरवू नये.