मु. पो. दोन हजार मीटर

बूट दाराशी काढायचे हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे इटलीतल्या फेरे खोऱ्यात, २०२५ मीटर उंचीवरच्या रिफ्यूजिओ बोनात्ती या डोंगरातल्या मुक्कामाच्या हटमध्ये शिरताना माझी पंचाईत झाली नाही. दाराशेजारच्या खोलीत ओल्या बुटांची रांग आणि त्यांचा तो सार्वत्रिक वास. समोरच्या फळीवर हटच्या मालकीच्या रबरी चपला. दोन्ही एकाच मापाच्या मिळाल्या तर नशीब. खिडकीबाहेर ग्रांद जोरास शिखराची भिंत, आणि आत पहिला प्रश्न : "चादरीची पिशवी आणली आहे ना?" पांघरूण हटचं, पण अंगाला लागणारं कापड ज्याचं त्याचं. पाणी मोजकं, धुणार कोण आणि कुठे?

आम्ही होतो माँ ब्लाँच्या प्रदक्षिणेवर. फ्रेंच नाव टूर द्यू माँ ब्लाँ. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची वाट, साधारण दहा-अकरा दिवसांची. माँ ब्लाँची उंची ४८०० मीटरच्या थोडी वर. पण या वाटेवर शिखराला हात लावायचा नसतो. आपण देवळाभोवती फिरतो तसं त्याला उजवीकडे किंवा डावीकडे ठेवून चालायचं. एकूण चढ दहा हजार मीटरच्या आसपास. म्हणजे बारीतून कळसूबाई रोज चढावी, आणि त्यावर थोडं घालावं. जिनिव्हाच्या द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ साली ही फेरी केली. माँ ब्लाँवर जायची वाट शोधणाऱ्याला त्याने १७६० सालीच बक्षीस जाहीर केलं होतं. ते शिखर सर झालं २६ वर्षांनी, ८ ऑगस्ट १७८६ रोजी. चढणारे दोघं : शामोनी गावचा डॉक्टर पाकार आणि डोंगरात स्फटिक शोधत फिरणारा बाल्मा.

गाइडसह केलेल्या अशा सहलीत मोठं सामान गाडीतून खोऱ्याखोऱ्याने पुढे जातं आणि आपण पाठीवर दिवसापुरतं घेऊन डोंगर ओलांडतो. युरोपियन मंडळींना ही चैन वाटते. वारी केलेल्याला वाटणार नाही. दिंडीचा ट्रक तेच करतो. फरक एवढाच की काही हटपर्यंत रस्ताच नसतो. त्या रात्री पिशवी येत नाही, आणि आपण किती फालतू वस्तू घरून आणल्या होत्या ते कळतं.

पण सामान वाहून नेणं हा गाइडच्या मेहनतान्याचा गाभा नव्हे. गाभा आहे तो वर जायचं की परतायचं हा निर्णय, आणि त्याचं मोल एका अपघाताने शिकवलं. ऑगस्ट १८२० मध्ये रशियाच्या झारच्या पदरी असलेला डॉ. हॅमेल माँ ब्लाँवर निघाला. हवा बिघडलेली, ताजा बर्फ पडलेला. परत फिरावं की वर जावं यावर वाद झाला आणि शेवटी मंडळी वर गेली. हिमप्रपातात तीन गाइड हिमनदीच्या भेगेत गाडले गेले. पैसे देणारे वाचले. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीत गाइडांची संघटना स्थापन झाली. कामं पाळीपाळीने वाटायची, आणि अपघातग्रस्तांच्या घरच्यांसाठी निधी ठेवायचा. ती संघटना आजही आहे, आणि १५ ऑगस्टच्या सुमारास तिचा उत्सव होतो. त्या तिघांचे अवशेष बोसाँ हिमनदीने १८६१ पासून, म्हणजे ४१ वर्षांनी, खालच्या टोकाशी बाहेर टाकायला सुरुवात केली.

आज या वाटेवर भेटणारा गाइड बहुधा दोरखंडवाला नसतो. हिमनदीवर आणि कड्यावर नेणाऱ्यांचा परवाना वेगळा, पायवाटेवर नेणाऱ्यांचा वेगळा. आमची गाइड दुसऱ्या प्रकारातली. बोनात्तीत तिने आम्हाला साडेपाचला उठवलं. आदल्या रात्री एका घोरणाऱ्या सद्गृहस्थामुळे डोळा लागला नव्हता, तेव्हा तिच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं. सातला निघालो, २५३७ मीटरची ग्रां कोल फेरे खिंड ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये उतरलो आणि दोनच्या सुमारास ला फुली गावात टेकलो. अर्ध्या तासात खिंडीवर गडगडाट सुरू झाला. उन्हाळ्यात तापलेली हवा वर चढून दुपारनंतर वादळ होणं हा आल्प्सचा नेहमीचा खाक्या. आपण पैसे मोजतो ते या अर्ध्या तासाचे. वाट काय, पाट्यासुद्धा दाखवतात. स्वित्झर्लंडच्या पिवळ्या पाट्यांवर तर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते, आणि ती खरी निघते. सह्याद्रीत "हे काय, आलंच" ऐकत दोन तास चाललेल्या माणसाला याचं अप्रूप वाटतं.

हट ही कल्पना मात्र गाइडांहून जुनी. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, २४६९ मीटरवर, ख्रिस्ती साधू अकराव्या शतकापासून वाटसरूंना आसरा देत आले. ती खरी धर्मशाळा. चढाई करणाऱ्यांसाठी माँ ब्लाँवर ग्रां म्यूलेची कोठी १८५३ मध्ये उभी राहिली. स्विस आल्पाइन क्लब १८६३ साली निघाला आणि त्याच वर्षी त्याने ट्योडी डोंगरावर पहिली हट बांधली. आज त्या क्लबच्या दीडशेच्या आसपास हट आहेत.

हटमध्ये शिरल्यावर वहीत नाव लिहायचं, आणि उद्या कुठे जाणार तेही. मला ही औपचारिकता वाटली होती. पण एखादा पोचला नाही, तर शोध कुठून सुरू करायचा ते त्या ओळीवरून ठरतं. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळ्यांना एकदम पंगत : सूप, मग एकच पदार्थ, गोड. इटलीत बऱ्याचदा पोलेंटा, म्हणजे मक्याच्या घट्ट शिजवलेल्या कण्या. मी त्यावर घरचं मेतकूट भुरभुरलं. शेजारच्या जर्मन आजींनी चमचा पुढे केला, आणि डबी टेबलभर फिरून रिकामी परत आली. शाकाहारींनी नोंदणी करतानाच कळवावं, ऐनवेळी स्वयंपाकघरात काही निघत नाही. दुर्गम हटांना किराणा हेलिकॉप्टरने येतो. दहाला दिवे बंद.

या सगळ्या व्यवस्थेचा पाया आता हलतो आहे, आणि हा अलंकार नव्हे. खडकांना धरून ठेवणारा कायमचा बर्फ वितळू लागला, तशी स्वित्झर्लंडमधली मुटहॉर्न हट २०२१ मध्ये दरडींच्या धोक्यामुळे बंद करावी लागली. आल्प्समधल्या सर्वांत मोठ्या, आलेच हिमनदीच्या काठी कोंकोर्डिया हट आहे. १८७७ मध्ये ती बांधली तेव्हा बर्फापासून जेमतेम ५० मीटर वर होती. हट हललेली नाही. बर्फच दीडशे मीटरहून अधिक खाली गेला आहे. आता कड्याला ठोकलेल्या लोखंडी जिन्याच्या चारशेहून अधिक पायऱ्या चढून तिथे पोचावं लागतं, आणि हिमनदी खचेल तसा त्या जिन्याला खालून नवा तुकडा जोडला जातो.