नाताळची भिशी

दिवाळीची भिशी आपल्याला नवी नाही. इंग्लंडातही कष्टकरी घरं नाताळसाठी वर्षभर थोडं थोडं बाजूला टाकतात. मुलांची खेळणी, मेजवानी, भेटी; डिसेंबरात एकदम पैसा आणायचा कुठून? तिथल्या फेअरपॅक कंपनीकडे लाखावर लोक असे हप्ते भरत आणि सणाआधी खरेदीची कुपनं घेत. ऑक्टोबर २००६ मध्ये, ऐन सणाच्या तोंडावर, ती बुडाली. ती बँक नव्हती. ठेवीला असतं ते संरक्षण या पैशाला नव्हतं. काही वर्षं थांबून लोकांच्या हाती पडले ते निम्म्याच्या आसपास. कर्ज न काढता सण करू पाहणारी हिशेबी माणसंच यात सापडली, हे आम्हाला फार लागतं. उधळ्यांचं काय, ते भरतच नव्हते! आपल्या भिशीचा पैसा कुणाच्या खात्यात आहे, तेवढं दिवाळीआधी पासबुक मागून बघा.