जुन्या कॅमेऱ्यातील तापट ठिपके

आठ-दहा वर्षे इमानेइतबारे वापरलेल्या डिजिटल कॅमेऱ्याने रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घ्यावे आणि त्यात कोणत्याही पंचांगात नसलेल्या तांबड्या, हिरव्या, निळ्या तारका उगवलेल्या दिसाव्यात, हा अनुभव पुष्कळांस येतो. कॅमेरा कोणत्याही दिशेस फिरवला तरी त्या चित्रातील आपली जागा सोडीत नाहीत. मग भिंग पुसून पाहिले जाते आणि अखेरीस चांगला चालणारा कॅमेरा कवडीमोलाने विकला जातो. या ठिपक्यांस छायाचित्रकार 'हॉट पिक्सेल' म्हणतात. त्यांचे मूळ भिंगात नसून त्यामागील सेन्सरमध्ये असते.

सेन्सर म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर ओळीने मांडलेली लक्षावधी सूक्ष्म घरे. अंगणात पाऊस मोजण्यासाठी भांडी मांडावीत, तशीच ही योजना. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते घरात साठतात आणि मागाहून मोजले जातात. अडचण इतकीच की, इलेक्ट्रॉन सुटे करण्याचे काम उष्णताही करते, आणि मोजणाऱ्यास त्या दोहोंतील भेद कळत नाही. निरोगी घरात हा पाझर अत्यल्प असतो. परंतु अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेत निर्माण झालेले न्यूट्रॉन सेन्सरवर आदळून स्फटिकातील एखादा अणू जागचा हलवतात, आणि त्या घराचा पाझर कितीतरी पटींनी वाढतो. हा मारा कॅमेरा कपाटात ठेवला म्हणून थांबत नाही. विमानप्रवासात तर तो अधिकच असतो. म्हणून वयाबरोबर ठिपके वाढत जातात. प्रत्येक घरावर तांबडी, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असल्यामुळे ठिपक्यासही तोच रंग येतो.

सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात घेतलेल्या चित्रात हा दोष सहसा दिसत नाही. पाझर साठण्यास वेळच मिळत नाही. शटर तीस सेकंद उघडे राहिले की तो उघडा पडतो. तापमान सुमारे ६ ते ८ अंश सेल्सिअसने चढले की पाझर दुप्पट होतो. यास्तव नाताळच्या मध्यरात्री १५ अंशांवर निमूट बसलेला ठिपका वैशाखातील ३० अंशांच्या रात्री चौपट तेजाने झळकतो.

परीक्षा सोपी आहे. भिंगावर झाकण घालून तीस सेकंदांची दोन-तीन चित्रे घ्यावीत. जे ठिपके प्रत्येक चित्रात त्याच जागी आढळतील, ते हॉट पिक्सेल. जागा बदलणारे कण म्हणजे निव्वळ नॉइज, आणि उजेडी आकाशावर दिसणारे काळपट डाग बहुधा धुळीचे.

ठिपका जागा सोडीत नाही, हीच त्याच्यावरील उपायाची किल्ली होय. झाकण घालून, तितक्याच वेळेचे, त्याच आयएसओवर आणि त्याच तापमानास घेतलेले काळे चित्र मूळ चित्रातून वजा केले की पाझराचा हिशेब बराचसा फिटतो. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' ही सोय हेच काम स्वतः करते. मात्र तीस सेकंदांच्या चित्रास पूर्ण मिनिट लागते. वजाबाकी 'रॉ' फाइलवरच करावी. जेपेगमध्ये ठिपका आजूबाजूस आधीच पसरलेला असतो. ऑलिंपस आणि पेंटॅक्सच्या कित्येक कॅमेऱ्यांत 'पिक्सेल मॅपिंग'ही असते. त्यात कॅमेरा दोषी घरांची यादी करून शेजाऱ्यांवरून त्यांची किंमत ठरवतो. नवे ठिपके उद्भवत असल्याने ही यादी अधूनमधून पुन्हा करावी लागते.

हबल दुर्बिणीवर २००२ साली बसवलेल्या 'एसीएस' कॅमेऱ्यास अंतराळात हा मारा फार सोसावा लागतो. एरवी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली ठेवलेले त्याचे सेन्सर साधारण महिन्यातून एकदा मुद्दाम सुमारे २० अंशांपर्यंत ऊबवले जातात. त्या उबेने बहुसंख्य नवे हॉट पिक्सेल बरे होतात. काही मात्र कायमचे राहतात. ज्या उष्णतेने ठिपका पेटतो तीच त्याचे औषध ठरावी, हे नवलच! अर्थात यावरून कोणी घरचा कॅमेरा शेगडीजवळ ठेवू नये. त्याने ठिपके जाण्याआधी कॅमेराच जाईल.

पाझराने घर काठोकाठ भरले असेल, तर वजाबाकीही उपयोगी पडत नाही. ती जागा शेजारच्या घरांवरून अंदाजानेच भरावी लागते, आणि नेमकी तेथे एखादी खरी तारका असेल, तर ती त्या चित्रापुरती हरवते. म्हणूनच आकाशाची छायाचित्रे घेणारे एकच लांब चित्र न घेता अनेक चित्रे घेतात आणि दर खेपेस कॅमेरा किंचित सरकवतात. तारका सेन्सरवर जागा बदलते. ठिपका बदलत नाही.